सुटलं

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, शेवटून दुसऱ्या रकान्यात
हेडमास्तरांनी लिहिलंय निळ्या शाईत:
सतत गैरहजर.
त्या सबंध कार्तिकात मी हजर होते
सातपुड्याच्या पायथ्याशी, दुसऱ्याच्या कपाशीत,
कमरेला ओटी बांधून.
मुकादम रोज सांजेला वजन लिहायचा माझ्या नावापुढे,
एकदाही खाडा नाही.
पण ती वही कुणी शाळेत नेली नाही.

मग लग्न. मग चोपड्याच्या अलीकडचं हे गाव, केळीचं.
तुरटीच्या पाण्यात मी फण्या धुते,
तेरा किलोचा एक खोका, गाडी दिल्लीला जाते.
चिकाचा डाग बसला की सुटत नाही.
लुगडं विरतं, डाग तसाच.

हर्षालीला लस टोचायला नेली
तेव्हा सिस्टरने कार्ड भरताना विचारलं, आईचं शिक्षण?
म्हटलं, नववी झाली, दहावी सुटली.
तिनं ‘निरक्षर’पुढे खूण केली. घाईत होती,
माझ्यामागे अठरा बाया उभ्या, अठरा पोरं रडत.
मी ते वाचलं.
वाचता आलं म्हणून तर राग आला.

सतरा नंबरचा फॉर्म.
दाखल्यावर बापाचं नाव, आधारवर नवऱ्याचं,
बाबूनं दोनदा परत पाठवलं:
यातली तू कोणती ते आधी ठरव.
सासू म्हणाली, कसाले शिकस आते? पोर कोन धरी?
आणि तिनंच धरली,
रोज दिवेलागणीपासून माझी भाकरी होईतो,
बडबडत, पण धरली.

रात्री पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी.
पाय थांबला की हर्षाली उठते,
म्हणून मला डुलकी घेता येत नाही,
असा शिस्तीचा मास्तर मला शाळेत नव्हता.
भूमितीच्या पुस्तकाचा एक कोपरा तिनं खाल्ला,
पायथागोरस माझ्याआधी तिच्या पोटात गेला.
नव्या दातांच्या खुणा आहेत पान सदतीसवर,
तिथलं प्रमेय मला अजून येत नाही.

मार्च. पत्र्याच्या वर्गात पंखा नुसता गरगरतो.
बाकावर माझ्या शेजारी एक पंधरा वर्षांचा पोरगा,
मला मावशी म्हणाला, पट्टी मागितली.
बीजगणित, भाग एक. दोन तास.
दीड तास झाला असेल,
खिडकीबाहेर कुणाचं तरी बाळ रडलं.
हर्षाली नव्हती ती. तिचं रडणं मला
बाजारच्या गर्दीतही ओळखू येतं.
पण दूध कुठं विचारतं कुणाचं बाळ?
ब्लाउज भिजला. पदर पुढे ओढला.
एक थेंब पडला उत्तरपत्रिकेवर,
‘क्ष बरोबर’च्या पुढे, बरोबर जिथं उत्तर लिहायचं तिथं.
शाई फुटली.
मॅडम जवळ आल्या, उभ्या राहिल्या,
काही न बोलता स्वतःचा रुमाल बाकावर ठेवून गेल्या,
आणि त्या रांगेकडे पाठ करून फळ्यावरची वेळ पुसून
तीच वेळ पुन्हा लिहीत राहिल्या.
मी पुढच्या ओळीवर क्ष पुन्हा मांडला.

पेपर सुटला.
फाटकाबाहेर लिंबाखाली भिकन,
लग्नातल्या पांढऱ्या शर्टात,
त्याच्या खांद्यावर हर्षाली निजलेली,
तिचं तोंड केळानं माखलेलं आणि शर्टही.
सुटनं का समदं? त्यानं विचारलं.
म्हटलं, येक सुटनं.
तो आधी हसला,
मग गप्प झाला,
मग माझ्या तोंडाकडे पाहू लागला.
मी सांगितलं नाही.

पोर घेतली. ती झोपेतच लागली प्यायला,
एका हातानं हॉलतिकीट मुठीत धरून.
भिकन ते सोडवायला गेला,
म्हटलं, राहू दे,
फक्त फाडू देऊ नको.
परवा भूमिती आहे.